सदाशिवरावांचं युद्ध आणि त्यांचे तळपाय

जयेंद्रगंज मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या सदाशिवरावांना युद्ध फार आवडतं. पूर्वज फौजेत होते, हे स्वतः मात्र कचेरीतल्या खुर्चीवरून निवृत्त झाले. दुपारचं जेवण झालं की ते दिवाणावर आडवे होतात आणि टीव्हीवर युद्धाची चर्चा लावतात. नात अवंतिका त्यांच्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासते. पाय गार होतात तसतसं डोकं तापत जातं.

"एक बार सोक्षमोक्ष लावूनच टाका!" ते टीव्हीला बजावतात. "प्रत्येक घरातून एक पोर फौजेत गेलंच पाहिजे."

दुसरं दुखणं म्हणजे कामाला माणसं मिळत नाहीत. गवंडी येत नाही, कामवाली टिकत नाही, आजकालची पोरं सगळी कामचोर. शेवटची कामवाली का गेली, ते गल्लीला ठाऊक आहे. भांडी झाल्यावर तिला हे पाय घासायला सांगितलं होतं.

मार्चमध्ये एका दुपारी मी तिथेच बसलो होतो. नर्सिंग शिकलेली अवंतिका धावत आली.

"आजोबा, मेरा हो गया! फौजेच्या इस्पितळात निवड झाली. पुढच्या महिन्यात जायचंय."

मला वाटलं, म्हातारा आता पेढे मागवणार. तो ताडकन उठून बसला.

"मुळीच नाही! आपल्या घराने पानिपतात एक पोर दिलंय."

"पण तुम्हीच तर रोज म्हणता ना, की..."

"अगं, ती आम बात झाली, लोकांसाठी! तू गेलीस तर माझे पाय कोण बघणार?"

त्यांच्या पत्नी विजयाबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. या घरात त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"तिथे ज्यांचे पाय तुटतात, त्यांना तिची जास्त गरज आहे. तू जा, बेटा."

अवंतिका गेली. नेमणूक सीमेजवळच्या इस्पितळात झाली. तेव्हापासून सदाशिवराव एकदम शांतीचे पुजारी झालेत. बोलून प्रश्न सुटतात, असं ते आम्हालाच शिकवतात. आम्ही ऐकून घेतो, कारण चहाचे पैसे ते देतात.

काल बाडा चौकाजवळच्या चहाच्या टपरीवर आमच्यातले मुकुंदराव ऐटीत म्हणाले, "होऊनच जाऊ दे युद्ध!"

सदाशिवरावांनी कप आपटला. "तुमच्या घरचं कोण आहे हो तिथे?"

इतकी वर्षं हाच प्रश्न आम्ही सगळ्यांनी त्यांच्यासाठी जपून ठेवला होता. मी आता मनसोक्त हसणार होतो. पण म्हातारा फोन काढून अवंतिकाचा आजचा निरोप आलाय का ते बघत होता.