माहीनचा समोवर आणि माझे दोन नकार

मस्कतमध्ये एका इराणी जोडप्याचं चहाचं दुकान उघडायच्या आधीच बंद पडायची वेळ आली होती, आणि ती मी आणली होती. मी चोरी केली नव्हती, भांडण केलं नव्हतं, कुणाची चहाडीही केली नव्हती. मी फक्त शिष्टाचार पाळला होता!

आम्ही अल खुवैरला राहतो. माझा नवरा शिरीष रुसैलच्या एका पाइपांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. मुलगी मुक्ता दहावीत. तिचं मराठी मराठीच आहे, फक्त त्यात मराठी शब्द कमी असतात. आणि मी? मी आमच्या मराठी मंडळातली जाणकार. भारतातून नव्याने आलेल्या बायकांना मी समजावून सांगते की ओमानी घरी गेल्यावर कॉफी पुरे झाली की रिकामा कप कसा हलवायचा, खजूर कोणत्या हाताने घ्यायचा, वगैरे. कुणी विचारलं नाही तरी सांगते.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये माहीन आणि बेहरूझ राहायला आले. शिराझचे. पन्नाशीला आल्यावर तिकडचा गाशा गुंडाळून इथे नव्याने सुरुवात करायला आलेले. (या वयात आम्हाला नवीन रिमोटसुद्धा झेपत नाही.) बेहरूझ तरुणपणी पुण्यात शिकायला होता, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायचा आणि मध्येच "काय सांगता!" असं पुणेरी ठसक्यात म्हणायचा. मला तो "वहिनी" म्हणे. माहीनला मात्र हिंदी येत नव्हतं, त्यामुळे आम्हा दोघींचा कारभार इंग्रजीतून. दोघींचंही इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे आमचं एकमेकींशी उत्तम जमलं.

दोघं मिळून खालच्या गल्लीत चहाचं छोटं दुकान काढणार होते. जागा एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थांची. त्यांना सगळे अर्बाब म्हणत, म्हणजे मालक. अर्बाबनी यांना सांगून ठेवलं होतं, "गुरुवारी संध्याकाळी येतो. तुमचा चहा पितो. आवडला तर जागा तुमची. नाही आवडला तर खलास!"

म्हणजे त्या दोघांचं अख्खं नवं आयुष्य एका कपात होतं. हे मला पक्कं माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

झालं असं, की त्या गुरुवारच्या आधीच्या आठवड्यात माहीनने मला चहाला बोलावलं. टेबलावर पितळेचा एक देखणा समोवर. मधोमध निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, खाली नक्षीची तोटी, वर चहाची छोटी किटली. (आपला बंबच, पण बी.ए. झालेला.) माहीन म्हणाली, तिच्या आईचा आहे. मी कौतुकाने म्हणाले, "किती सुंदर!"

माहीनने लगेच छातीवर हात ठेवला. "तुम्हाला आवडला? मग तुमचाच. घेऊन जा."

"नको, नको!" मी म्हणाले. हा माझा पहिला नकार.

"काबेल नदारे," ती म्हणाली. म्हणजे तुमच्यापुढे याची काय किंमत! "तुमच्या घरात जास्त शोभेल."

"अहो, नको हो, कशाला उगीच!" हा दुसरा.

"नाही म्हणालात तर मला वाईट वाटेल."

आता सांगा, मी काय करणार? आपल्याकडे दोनदा "नको" म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा समोरच्याचं मन मोडायचं नसतं. तिसऱ्यांदाही "नको" म्हणणारी बाई शिष्ट समजली जाते. साडी असो, लाडू असो, वडीलधाऱ्यांनी हातात कोंबलेलं पाकीट असो, सगळीकडे हाच नियम. मी नियमाप्रमाणे दोन नकार मोजून दिले, "बाई, तुम्ही फारच मायाळू," असं म्हटलं आणि समोवर उचलला.

 माहीनचे डोळे भरून आले. केवढं मोठं मन, मी म्हटलं मनात! वर ती बिचारी "जड आहे, मी धरते" म्हणत एका बाजूने हात लावून माझ्या दारापर्यंत आली आणि दार लागेपर्यंत हसतमुखाने उभी राहिली. आजही ते हसू आठवलं की मला फरशीखाली जावंसं वाटतं.

शिरीष म्हणाला, "हे काय आणलंस?"

"भेट. तुला कधी कुणी काही दिलंय का असं?"

"मला रुसैलमध्ये कॅलेंडर देतात."

शुक्रवारी मंडळातल्या मंडळींना चहाला बोलावलं. समोवर दाखवायला म्हणून. पण नुसता दाखवायचा कसा? त्यातूनच चहा द्यायचा ठरलं. वास्तविक समोवरात फक्त पाणी उकळतात, हे माहीनच्या घरी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण काळा चहा पाजला तर मंडळात काय म्हणतील! मी त्यात सरळ दूध ओतलं, साखर घातली, चहाची पूड घातली, सढळ हाताने आलं आणि वेलची घातली. शिरीषमधला इंजिनियर जागा झाला. त्याने गॅलरीत बसून नळीत धुपाचे कोळसे पेटवले आणि "हीट ट्रान्सफर बघ आता!" म्हणाला.

हीट ट्रान्सफर सगळ्या बिल्डिंगने बघितलं. धुराने वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले, खालून वॉचमन वर आला. समोरचे दोघं तेवढे नशिबाने बाहेर गेले होते. तेवढ्यात दूध उतू गेलं, ते कोळशांवर पडलं आणि उरलेलं बुडाला लागलं. तोटी उघडली तर त्यातून काहीच येईना. आल्याचा तुकडा अडकला होता. शेवटी मंडळींना फ्रीजमधलं लबान, म्हणजे इथलं ताक, पाजलं आणि सगळे "समोवर छान आहे हं" म्हणून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शिरीषला लिफ्टमध्ये बेहरूझ भेटला. "भाईसाब, गुरुवारको आना है! वहिनीको लेके! अर्बाब आ रहे हैं. माहीन अपनी अम्मीके समोवरसे चाय पिलाएगी. अर्बाबको बोलके रखा है, ऐसी चाय पूरे मस्कतमें नहीं मिलेगी!"

शिरीषने घसा साफ केला. "समोवर... कहाँ है अभी?"

"माहीनने पॉलिशको दिया है."

शिरीष घरी आला तेव्हा त्याचा चेहरा कोळशासारखा झाला होता. आम्ही दोघं सोफ्यावर बसलो आणि समोर टेबलावर, पॉलिशला गेलेला समोवर.

मुक्ताने हेडफोन काढले. "आई, वेट. तू तो सीरियसली घेतलास?"

"तिने दिला! तीनदा म्हणाली!"

"ओ माय गॉड, आई! आमच्या क्लासमध्ये ती इराणी निलूफर आहे ना, ती सांगते, दे हॅव टू ऑफर! पोलाइट असतं ते. तू नो म्हणायचं असतं. लाइक... फॉरएव्हर!"

"फॉरएव्हर म्हणजे किती वेळा?" शिरीषने विचारलं. (इंजिनियर!)

मला दरदरून घाम फुटला. ए.सी. चालू असून! माहीनने आईची वस्तू मला दिली, नवऱ्याशी खोटं बोलली, आणि तेही मला लाज वाटू नये म्हणून. ती बाई समोरच्या दारामागे गुरुवारची वाट बघत बसली होती, आणि मी तिच्या आईच्या समोवरात दूध करपवून बसले होते. मी जन्मात एवढी ओशाळले नव्हते.

मग घासणं सुरू झालं. चिंच झाली, लिंबू झालं, राख मिळेना म्हणून गॅलरीतल्या त्याच कोळशांची पूड झाली. बाहेरून समोवर असा लखलखला की खरंच पॉलिश केल्यासारखा दिसू लागला. आतून मात्र करपलेल्या दुधाचा आणि आल्याचा वास काही केल्या जाईना. तोटीतला आल्याचा तुकडाही सुईला दाद देईना.

बेहरूझ घरी नाही असं बघून तसाच घेऊन मी समोर गेले. "माहीन, हा तुमचा. मला माफ करा. परत घ्या."

माहीनने दोन्ही हात मागे घेतले. "छे, छे! दिलेलं परत कसं घेऊ? तुमचा आहे."

"अहो, घ्या हो!"

"शक्यच नाही."

"माझ्यासाठी!"

"तुमच्यासाठीच तर नाही!"

मी मोजत होते. तिचे तीन नकार झाले, चार झाले, पुढे मोजणं सोडून दिलं. आपल्या नियमाप्रमाणे तिने कधीच घ्यायला हवा होता, पण तिचा नियम वेगळ्या बोर्डाचा. शेवटी ती म्हणाली, "रिकाम्या हाताने कशा जाल?" आणि मी समोवरासकट घरी परतले. वर पिस्त्यांचा डबा!

"थांब, मी जातो," शिरीष म्हणाला. "तुला ठाम बोलता येत नाही." तो ठामपणे गेला आणि समोवर, पिस्त्यांचा डबा (तोही परत करायचा होता) आणि केशराच्या खिरीचं भांडं घेऊन ठामपणे परत आला. आता तिचं भांडं रिकामं कसं द्यायचं, म्हणून मी त्यात चकल्या भरून पाठवल्या. त्यावर तिच्याकडून सुक्या लिंबांची पिशवी आली. बुधवारपर्यंत आमच्या घरात अर्धं शिराझ येऊन पडलं होतं, आणि समोवर होता तिथेच होता.

"आई, सिम्पल आहे," मुक्ता म्हणाली. "बेहरूझ अंकलना सांग पॉलिश डन."

दहावीत असूनही तिला एवढं सुचलं, आणि मंडळातल्या जाणकार बाईला सुचलं नाही. हे मी मंडळात सांगितलेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही समोवर थेट दुकानात नेला. "पॉलिशवाल्याने पाठवलाय," शिरीष म्हणाला. बेहरूझ हरखून गेला. "काय सांगता! क्या चमकाया है!" आणि त्याने तो उचलून तडक पाणी भरलं, कोळसे घातले. मी "अरे, जरा धुऊन..." म्हणेपर्यंत उशीर झाला होता. माहीन आतून आली, समोवर बघितला आणि जागीच उभी राहिली. मग तिने माझा हात इतका घट्ट दाबला की माझ्या बांगड्या रुतल्या.  तिला जे बोलायचं होतं ते तिने त्या हातानेच बोलून घेतलं.

अर्बाब आले. पायघोळ, पांढरीशुभ्र डिशदाशा, डोक्यावर नक्षीची टोपी, हातात काठी. बसले. बेहरूझने किटलीतला कडक कोरा चहा ग्लासात ओतला आणि पाण्यासाठी तोटी उघडली. थेंबही नाही. पुन्हा उघडली. मग तोटी खोकली, आतून पाण्याबरोबर आल्याचा तुकडा सुटला आणि अर्बाबच्या नाजूक काचेच्या ग्लासात डुबकन पडला.

बेहरूझने ग्लासात डोकावून पाहिलं. माहीनने माझ्याकडे पाहिलं. मी शिरीषकडे पाहिलं. शिरीष छताकडे बघत होता, जणू काही पाइपांचं काम कसं झालंय ते तपासायला आलाय!

बेहरूझ ग्लास मागे घेणार, तोच अर्बाबनी तो उचलला. हुंगला. आलं, वेलची आणि करपलेलं दूध. भुवया वर गेल्या. एक घोट घेतला.  माहीनचे ओठ पांढरे पडले होते.

"करक?" अर्बाबनी विचारलं. करक म्हणजे आपलाच दूध घालून उकळलेला चहा. ओमानी माणूस त्यावर जीव टाकतो. "वास करकचा आहे. मग दूध कुठे आहे?"

दुधाचं नाव ऐकताच बेहरूझचं तोंड वाकडं झालं. शिराझच्या माणसाला चहात दूध घाल म्हणणं म्हणजे आपल्याला वरणात जॅम घाल म्हणण्यासारखं आहे. तो आता "नाही" म्हणणार आणि अर्बाब "खलास" म्हणणार, हे मला स्पष्ट दिसलं. मी उठले.

"अर्बाब, दोन मिनिटं! इन्शाल्ला दूध येतंय!"

आत गेले, पदर खोचला (पदर नव्हता, ओढणी होती, पण खोचली), शिरीषला शेजारच्या दुकानातून दूध आणि आलं आणायला पिटाळलं, पातेलं चढवलं, आलं ठेचलं आणि आयुष्यभर जो चहा मी डोळे झाकून करत आले तो या वेळी डोळे उघडे ठेवून केला.  माहीन शेजारी उभी राहून मला एकेक वस्तू देत होती. दुधाचा डबा तिने माझ्या हातात दिला तेव्हा तिचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा झाला होता, पण तिने दिला.

अर्बाबनी एक कप घेतला, मग दुसरा, मग फोन काढून "यल्ला, चला, सगळे या" म्हणाले. थोड्या वेळाने त्यांची मुलं, नातवंडं, भाचे आणि त्या भाच्यांचे मित्र दुकानात मावेनासे झाले. जाताना अर्बाबनी बेहरूझच्या खांद्यावर हात ठेवला. "जागा तुमची. पण चहा हाच पाहिजे."

बेहरूझ रडला. माहीन रडली. मीही रडले, कारण मी सोडून त्या दुकानात तो चहा कुणाला करता येत नव्हता, हे माझ्या एव्हाना लक्षात आलं होतं.

सगळे गेल्यावर माहीन माझ्यासमोर आली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "हे दुकान आता तुमचंच आहे."

मी हसले. आता मी काही कच्ची नव्हते! "नको, नको," मी म्हणाले. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा "नको." तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा, मी गोड हसत, मान हलवत, अस्सल इराणी थाटात नकार देत राहिले. मनात म्हटलं, बघ मुक्ते, शिकली तुझी आई!

माहीन थांबली. मग तिने खुंटीवरचा ॲप्रन काढला, माझ्या कमरेला घट्ट बांधला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "मी मनापासून बोलतेय. उद्या चारला या. दूध आणून ठेवते."