पहारेकरणींची बाजू

सिंगापुरात, क्लेमेंटीच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सुलेखा आगाशे शनिवार-रविवारी नाझी बायकांबरोबर बसतात. हे वाक्य त्यांच्या नवऱ्याचं, विश्वासचं. पाहुण्यांना तो असंच सांगतो आणि चहा टाकायला आत जातो.

आठवड्याचे बाकीचे दिवस आगाशेबाई एका बँकेत कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करतात. समोरचा माणूस सांगतो की वरून सांगितलं होतं, सगळेच करत होते, मला कल्पना नव्हती. बाई ऐकून घेतात आणि विचारतात, त्या दिवशी तुम्ही स्वतः काय केलंत? पुण्यात शाळेत असताना त्या जर्मन शिकल्या होत्या. तेव्हा ती भाषा पुढे इंजिनिअरिंगला उपयोगी पडेल, एवढाच हिशेब होता. उपयोग वेगळाच झाला. महायुद्धानंतरच्या खटल्यांमधल्या साक्षी त्या मुळातून वाचू लागल्या, आणि बँकेत ऐकलेली तीच वाक्यं त्यांना तिथे जशीच्या तशी भेटली.

छळछावण्यांवर पहाऱ्याला बायका होत्या, हे फार जणांना ठाऊक नसतं. ठाऊक असतात त्या फासावर गेलेल्या दोन-तीन, ज्यांच्यावर चवीने लिहिलं जातं. आगाशेबाईंना त्यांच्यात रस नाही. त्यांना हव्या आहेत त्या बाकीच्या: जाहिरात वाचून आलेल्या, थोडी शिक्षा भोगून किंवा तीही न भोगता घरी गेलेल्या, लग्न केलेल्या, म्हाताऱ्या होऊन अंथरुणात मेलेल्या.

या बाकीच्यांवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं. त्यातलं सर्वांत मोठं प्रकरण हेडविग नावाच्या बाईवर आहे. हेडविग मोज्यांच्या कारखान्यात कामाला होती. हलकं काम, जेवण, राहायला जागा आणि गणवेश, असं वाचून तिने अर्ज केला. तिला पडदे लावलेली खोली मिळाली, चामड्याचे बूट मिळाले, पुढे एक कुत्रा मिळाला. हजेरीच्या वेळी रांगेत जी कैदी बाई चक्कर येऊन पडे, तिच्यावर हेडविग तो कुत्रा सोडत असे. हे पाहिलेल्या तिघींनी, एकमेकींना न भेटता, साक्षीत सारखंच सांगितलं. युद्धानंतरचा खटला संपल्यावर हेडविग गावी परतली, लहान मुलींचे फ्रॉक शिवू लागली, चर्चमध्ये गाऊ लागली. ती वारली तेव्हा गावाने तिला प्रेमळ म्हटलं.

पुण्याच्या दोन प्रकाशकांनी हे हस्तलिखित परत पाठवलं. विषय आपल्या वाचकाचा नाही, असं दोघांचंही मत पडलं. उरला एकच रस्ता. आगाशेबाईंचं मराठी मंडळ दरवर्षी एका सभासदाचं पुस्तक स्वतः छापतं आणि महिला दिनाच्या कार्यक्रमात त्याचं प्रकाशन करतं. यंदा त्यांची निवड झाली. हे पुस्तक निघालं तर इथूनच निघणार होतं.

निवड कशी झाली ते निमंत्रणपत्रिका आली तेव्हा कळलं. पत्रिकेवर कडक सॅल्यूट ठोकणारी, टोपी घातलेली एक तरुणी होती आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘वर्दीतल्या वीरांगना : एक प्रेरणादायी प्रवास’. बाईंनी पाठवलेल्या सारांशातलं ‘गणवेशातल्या बायका’ एवढंच समितीने वाचलं होतं. गणवेश आणि बाई एकत्र आली की मराठी मंडळाला दुसरं काही सुचत नाही. बाईंची मुलगी चैत्राली पत्रिका पाहून हसत सोफ्यावर लोळली आणि इथल्या इंग्रजीत म्हणाली, “आई, दे थिंक युअर नाझीज आर रोल मॉडेल्स लाह.”

बाईंनी फोन केला तेव्हा मंडळाचे कार्यवाह प्रबोध नाडकर्णी यांनी पहिल्यांदा हस्तलिखित उघडलं. टॅम्पिनीसहून ऑफिसला जाता-येता एमआरटीच्या गाडीत ते त्यांनी वाचून काढलं, आणि शनिवारी क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांपाशी, भेटायला आले. माणूस सभ्य. वित्तसंस्थेत मोठ्या हुद्द्यावर. कॉफी त्यांनीच आणली. पत्रिका बदलू म्हणाले. संशोधनाचं कौतुक केलं. मग म्हणाले की कार्यक्रमाला बायका पैठण्या नेसून येतात, मुलं असतात, स्पॉन्सर असतात. बाई ही शेवटी आई असते, असं लोक मानतात आणि त्यांना ते मानू द्यावं. काहीही गाळायला नको. हेडविगच्या प्रकरणाच्या शेवटी फक्त एक ओळ घालायची: त्या काळात या स्त्रियांपुढे दुसरा पर्याय नव्हता. तेवढ्यावर समिती तयार होती.

आगाशेबाईंनी त्यांना मार्टाविषयी सांगितलं. मार्टा हेडविगबरोबर त्याच कारखान्यातून, त्याच जाहिरातीवरून आली. खोलीही एकच. छावणीत जे चालतं ते पाहिल्यावर तिने वरिष्ठांना सांगितलं की हे काम मला जमणार नाही, आणि ती मोजे विणायला परत गेली. तिला कोणी गोळी घातली नाही. कोणी अडवलंही नाही.

“ती अपवाद असेल,” प्रबोध म्हणाले. “सगळ्यांना कुठे जमतं? एक वाक्य तर आहे, सुलेखाताई.”

“त्याच एका वाक्यासाठी हेडविगने वकील केला होता.”

“तुम्ही फार ताणताय.”

“तिने वकिलाला पैसे दिले होते, प्रबोध. तुम्ही फुकट करताय.”

प्रबोध यांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले की मग समितीचा नाइलाज आहे. बँकेत अनेकांनी आगाशेबाईंना हेच सांगितलं होतं. फक्त ती माणसं टेबलाच्या पलीकडे चौकशीला बसलेली असायची. बाईंनी हस्तलिखित मागे घेतलं.

महिला दिनाला मंडळाने पाककृतींचं पुस्तक काढलं. प्रबोध यांनी मंचावरून सांगितलं की नियोजित पुस्तक काही तांत्रिक अडचणींमुळे येऊ शकलं नाही. मागच्या रांगेतून आगाशेबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अडचण तांत्रिक नव्हती. मला एक वाक्य घालायला सांगितलं होतं, ते मी घातलं नाही.” एवढं बोलून त्या बसल्या. निवेदिकेने पुढच्या नाचाची घोषणा केली.

जेवणाच्या वेळी बुकित पंजांगच्या एक बाई, अनुया, ताट घेऊन जवळ आल्या आणि कोणतं वाक्य ते विचारलं. आगाशेबाईंनी सांगितलं. अनुयांना ते फार मोठं वाटलं नाही. “मग टाकायचं की,” त्या म्हणाल्या. “पुस्तक तरी निघालं असतं. शेवटचं पान कोण वाचतंय?” मग त्यांना श्रीखंड संपत आल्याचं दिसलं आणि त्या तिकडे गेल्या.

पुस्तक अजून छापलेलं नाही. हेडविगच्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य आगाशेबाईंनी लिहिलं होतं तेच आहे: ‘तिने नोकरी धरली, आणि ती तिला आवडली.’