नागेशरावांनी सुधारलेला कॅप्टन

दुसऱ्याने रंगवलेला सैनिक नागेशराव कधी बोटांनी उचलत नसत. पालीची तुटलेली शेपटी उचलावी तसा तो चिमट्यात धरायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि नाकाने एक सुस्कारा सोडायचे. तेवढ्यावर समोरच्याची महिनाभराची मेहनत निकालात निघायची.

हे सैनिक म्हणजे अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची माणसं. परग्रहांवरच्या लढाया टेबलावर मांडायच्या, फासे टाकायचे, फूटपट्टीने अंतरं मोजायची, असा तो खेळ. आमच्या कानडी गावातल्या लष्कर मोहल्ल्यात नागेशरावांच्या माडीवर दर शनिवारी चार-पाच मोठी माणसं तो अगदी गंभीरपणे खेळत. माझा धाकटा भाऊ सतीश त्यातलाच. नागेशराव गावाबाहेर कडकोळच्या एका कारखान्यात पत्र्यांवरचा रंग तपासायचे. आमचे पूर्वज रंगारी, हे दर दोन वाक्यांनंतर सांगायचे. आमचेही रंगारीच होते, पण आम्ही ते असं मिरवलं नाही.

माणूस कारागीर होता, हे मी नाकारत नाही. दोन केसांच्या ब्रशने तो सैनिकाच्या बुबुळात उजेडाचा ठिपका ठेवायचा. पण प्रत्येक सैनिक ज्या चकतीवर उभा असायचा, तो तळ खालून मात्र तसाच डागाळलेला. सतीशने एकदा कारण विचारलं.

"खालतं कोन बगतंय, सतीश? वरचं बगूनच लोक गार होतात, अल्वा, हो की न्हाई?"

सतीशला त्यात शहाणपण दिसलं. मला फक्त नागेशराव दिसले.

सतीशने स्वतः जोडून एक कॅप्टन बनवला होता. धड एका संचातलं, डोकं दुसऱ्यातलं, एक पाय पेनातल्या स्प्रिंगचा. त्याच सुमारास त्याचं दुखणं निघालं. औषधांनी हात थरथरायचे, तरी रोज खिडकीशी बसून थोडंथोडं रंगवायचा. अंगरखा लाल केला, त्या लालाचे ओघळ पार गुडघ्यापर्यंत आले. नागेशराव भेटायला आले ते चिमटा खिशात घालूनच. कॅप्टन उजेडात धरून म्हणाले, "डोळा हाय तुला. हात न्हाई." हे आजारी माणसाला. सतीश हसला. मी त्यांना कॉफी विचारली नाही.

कॅप्टनचा चेहरा तेवढा रंगवायचा राहिला आणि सतीश गेला.

शनिवारच्या मंडळींनी त्याच्या आठवणीसाठी तो कॅप्टन एकदा खेळवायचं ठरवलं. मी तो नागेशरावांकडे नेऊन दिला. फक्त चेहरा रंगवा, बाकी कशाला हात लावू नका, असं दोनदा बजावलं. पंधरा दिवसांनी त्यांनी तो सगळ्यांसमोर माझ्यापुढे ठेवला. एकही ओघळ नव्हता. त्यांनी सतीशचा सगळा रंग द्रावणात भिजवून, दात घासायच्या ब्रशने खरवडून काढला होता आणि पहिल्यापासून स्वतः रंगवला होता.

"यात सतीशचं काय राहिलं?" मी विचारलं.

"सुम्ने, उगंच खराब दिसत होतं की, अक्का. मी ते सुधारलो."

मी आभार मानीन असं त्यांना खरंच वाटत होतं. मंडळी वाहवा करत होती. मी कॅप्टन पर्समध्ये टाकला आणि जिना उतरले. त्या माडीवर पुन्हा गेले नाही. नागेशराव बाजारात भेटले की अजून हात जोडतात, आणि मी भाजी बघत राहते. मला या माणसाचा तिटकारा आहे, आणि तो कमी व्हावा असंही वाटत नाही.

त्या दिवशी घरी पर्स उघडली तेव्हा कॅप्टन टेबलावर उपडा पडला. तळ त्यांनी भिजवण्याआधी सुटा करून बाजूला ठेवला असणार, कारण वरून रंगवलेले खडक, धूळ सगळं नवं होतं, पण खालून पाहायची त्यांना गरज वाटली नव्हती. तिथे लाल रंगात सतीशचा अंगठा उमटला होता. हात थरथरल्यामुळे दोनदा उमटलेला.

कॅप्टन आता माझ्या काचेच्या कपाटात आहे. सतीशच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत मी त्याला डोकं खाली करून घातलंय, तळ झाकणासारखा वर बसतो. नागेशरावांनी रंगवलेला चेहरा, बुबुळातल्या ठिपक्यासकट, आत अंधारात असतो. पाहुणे कधी त्याला सरळ करायला जातात. मी करू देत नाही.