उघड्या डोळ्यांची प्रार्थना

दानिएलकाका प्रार्थना करताना डोळे मिटत नसत. नाकाडोंगरीच्या अलीकडे उसना, म्हणजे उकड्या तांदळाची एक मिल होती, तिथं ते बॉयलर चालवत. सकाळी भट्टीत कोंडा टाकण्याआधी डोक्याचा रुमाल काढत, मान जराशी खाली घालत, ओठ हलवत. पण नजर मात्र बॉयलरच्या अंगाला लावलेल्या काचेच्या नळीवर. आत पाणी किती आहे ते त्या काचेत दिसतं. ओट्यावर धान पसरणाऱ्या बाया चिडवत, “काका, तुमचा देव का काचेत बसते?” काका म्हणत, “देव कुठंही बसन, बाई. पाणी तेवढं काचेतच दिसते.”

मी नववीतून शाळा सोडलेला. त्याआधीची दोन कामं माझ्याच धांदरटपणानं गेलेली. बायको बपेऱ्याला माहेरी, दिवस भरत आलेले. हे तिसरं काम गेलं तर सासऱ्यासमोर उभं कसं राहायचं, या एका धास्तीत मी वावरत असे. काकांनी मला काचेसमोर स्टुलावर बसवलं आणि पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. “पंपाचा आवाज ऐकून समाधान मानू नको, बाबू. आवाज खोटा बोलते. काच पाहा.”

त्यांच्या गळ्यात क्रूस नव्हता. उपदेश तर त्यांनी कधीच केला नाही. भिंतीवर त्यांच्या नावाचा बॉयलर चालवायचा परवाना तेवढा टांगलेला. मिलमध्ये ख्रिस्ती ते एकटेच. पण भांडणात कोण आधी बोललं हे ठरत नसलं, की दोन्हीकडचे त्यांच्याकडे बघत. एकदा मी त्यांना म्हटलं, तुम्ही फार सांभाळून बोलता. तर म्हणाले, “रविवारी जे बोललो ते सोमवारी भट्टीपाशी टिकलं पाहिजे ना.”

रविवारी सकाळी मात्र ते दीड तास सायकलवर प्रार्थनेला जात. भट्टी चालू असली तर मला बसवून जात. वर्षानुवर्षं कोणी ना कोणी असं बसत आलेलं. शेठसकट सगळ्यांना त्याचा आदरच वाटे.

अशाच एका रविवारी काच अर्ध्यावर आली तसा मी पंप लावला. पंप घुमू लागला. तेवढ्यात बपेऱ्याहून फोन आला, बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. मी भिंतीकडे तोंड करून बोलत राहिलो. पंप घुमतच होता, मला वाटलं पाणी जाऊन राहिलंय. वळलो तर काच रिकामी. पंपानं हवा धरली होती, थेंबही आत गेला नव्हता. वरच्या टाकीचं पाणी घाईनं पंपात सोडून पंप धरवावा म्हणून मी टाकीच्या व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला.

“हात काढ.”

प्रार्थनेहून परतलेले काका दारात उभे. सायकल बाहेर आडवी पडलेली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी आणखीच घाबरलो. तापलेल्या लोखंडावर थंड पाणी पडलं असतं तर बॉयलर फुटला असता, आम्ही दोघं काय, ओट्यावरच्या बायाही उरल्या नसत्या. त्यांनी मला बायांना लांब न्यायला धाडलं आणि लांब दांड्याच्या फावड्यानं स्वतः भट्टीतला विस्तव ओढून काढला. मी परतलो तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत लाल झालेला होता.

वाफ बंद पडली. हौदात भिजत घातलेलं धान आंबणार होतं. दुपारी शेठ आले. मुनीमजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, पंप बिघडला म्हणून सांगा, खोटं थोडंच आहे? खोटं नव्हतंच. पण काका तसं म्हणणार नाहीत हे मला ठाऊक होतं. माझं काम गेलं, हे मी मनात धरून चाललो.

शेठनी विचारलं, कोणाची चूक?

काका म्हणाले, “पंपानं हवा धरली. यानं काच पाहिली नाही. आणि मी बॉयलर सोडून गेलो.”

“मग काढू कोणाला?”

काकांनी भाजलेल्या हातानं भिंतीकडे दाखवलं. “तो कागद ज्याच्या नावाचा आहे, त्याले.”

संध्याकाळी ते परवाना पिशवीत घालत होते. मी रडवेला होऊन म्हटलं, काका, तुम्ही तर देवाच्या कामाला गेला होता. ते म्हणाले, “देवानं मले बॉयलरपाशी ठेवलं होतं, बाबू. त्याच्याच नावानं मी जागा सोडली. इतकी वर्षं सोडली.” मग विचारलं, “पोरगा झाला का पोरगी?” त्या धावपळीत मी फोनच केला नव्हता. तिथंच लावला. मुलगी झाली होती.

नव्या बॉयलरवाल्याच्या हाताखाली माझं काम टिकलं. काका पुढं बाहेर कोंड्याच्या ढिगावर रोजीनं राबले, त्याच मिलमध्ये, मान वर करून.

आता मी सुरतला एका रंगाईच्या कारखान्यात आहे. इथंही बॉयलरची काचच पाहतो. मागच्या रविवारी सकाळी गावाहून फोन आला, काका गेले. मी एवढंच ऐकलं आणि फोन ठेवला. आमचा ऑपरेटर भला माणूस. म्हणाला, जा, बाहेर बसून ये थोडा वेळ. पाय निघतही होते. पण बदलीचा माणूस यायला अजून तास होता.

मी डोक्याचा रुमाल काढला. मला त्यांची प्रार्थना येत नाही. मान जराशी खाली घातली आणि काचेकडे पाहत उभा राहिलो.