शेंदराचा पहिला हात

रंग लावणं म्हणजे ब्रश फिरवणं, असं ज्याला वाटतं त्याच्याशी मी बोलत बसत नाही. लोखंडाला रंग द्यायचा तर आधी लोखंड उघडं करावं लागतं. जुन्या रंगाचे पापुद्रे, गंज, पाखरांची घाण, सगळं हातोडीने ठोकायचं, पटाशीने खरवडायचं, तारेच्या ब्रशाने घासायचं, फडक्याने पुसायचं. मग शेंदूर. हो, शेंदूरच, मारुतीला लागतो तोच. उकळलेल्या जवसाच्या तेलात कालवायचा आणि उघड्या लोखंडावर पहिला हात द्यायचा. तो बसला की गंज जवळ फिरकत नाही. वरून करड्या रंगाचे हात, ते नुसते कपडे. मी चांद, धुळ्याचा. पुलांवर, टाक्यांवर जन्मभर शेंदूर कालवला. माझी बायको जमीला म्हणायची, तुमच्या जिभेलाही थोडं तेल लावत जा. नाही लावलं. पण आज माझं नाही, धुरपदाबाईचं सांगायचंय.

धुरपदाबाई सोनगीरची. अंगाने काटकी, उंचीला बेताची, आणि तोंडाने कुणाला हार जाणारी नव्हे. नवरा निंबा धुळ्यात कापसाच्या गाठी उचलायचा. माणूस वाईट नव्हता, पण मिळालेलं काम टिकवायचा त्याला मनस्वी कंटाळा. एक्कावन्न साली ती आमच्या टोळीत आली ती खरवडायला. आमच्या टोळीत बाया खरवडायच्या आणि पुरुष रंगवायचे. असं कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारू नका. तसंच चालत आलं होतं.

आता ह्यात मेख काय, ते सांगतो. खरवडणं आधी संपतं. ते संपलं की मुकादम बायांना म्हणणार, चला, या आता. रंगारी मात्र पुढे पावसाळा तोंडावर येईपर्यंत कामावर, आणि दिवाळीनंतर पुढच्या पुलावरही तेच. धुरपदाबाई दर वर्षी आमच्याकडून सुटली की सडकेवर खडी फोडायला जायची. भर उन्हात. शिवाय खरवडताना गंजाची भुकटी डोळ्यांत जाते. तिच्याबरोबर बेबाबाई म्हणून म्हातारी खरवडायची, तिचा एक डोळा असाच गेलेला. धुरपदाबाईला ब्रश हवा होता तो ह्यासाठी. आणि खरं सांगू? नुसता त्यासाठीही नाही. एकदा ती मला म्हणाली, "चांदभाऊ, मी घासून घासून लोखंड चांदीसारखं करते, आणि मग कुणी दुसराच येतो आणि त्यावर हात फिरवतो. जीव जळतो माझा."

तर दर वर्षी कामाच्या पहिल्या दिवशी ती मुकादमासमोर उभी राहायची.

"आबा, औंदा माले ब्रश द्या."

मुकादम अभिमन आबा. ह्या माणसाला मी लबाड म्हणणार नाही. हजेरीत खोट नाही, तोंडात शिवी नाही. पण मारुतीचा कट्टर भक्त. त्याच्या टोळीतला माणूस उंचावरून कधी पडला नव्हता, आणि ही मारुतीची कृपा अशी त्याची पक्की खात्री. मारुती ब्रह्मचारी, त्याच्या शेंदराला बाईने हात लावायचा नाही. मग पुलावरच्या शेंदरालाही नाही. झालं.

"बाईनी शेंदूरले हात लावना नही," तो म्हणायचा.

"हाऊ काय मारुती शे का? पूल शे!"

सगळे रंगारी हसायचे. धुरपदाबाई पटाशी उचलून निघून जायची. मी खाली मान घालून डबा ढवळत बसायचो. शेंदूर भारी जड, ढवळणं थांबवलं की तळाला बसतो.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात आम्ही शिरपूरच्या अलीकडे एका लोखंडी पुलावर होतो. कंत्राटदार रतिलाल शेठ, धुळ्याचे. खरवडायचा शेवटचा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, राहिला होता आणि आखाजी आली, तुमची अक्षय तृतीया. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि पुरुष पत्ते कुटतात. अगदी राजरोस. खिसा रिकामा होईपर्यंत उठत नाहीत.

अभिमन आबाने त्यात एक घोडचूक केली. शेठना काम दाखवायच्या नादात त्याने सणाच्या आदल्या दिवशी बायांकडून शेवटचा गाळा अख्खा खरवडून घेतला. उघडं लोखंड, वर रंगाचा थेंब नाही. मी म्हटलं, "आबा, लोखंड उघडं टाकून जाऊ नये."

"वैशाख शे रे चांदभाई. पाऊस कोठला? उनूत का लगेच रंग लावूत," तो म्हणाला, आणि टोळी घेऊन गेला. बायाही गेल्या. सामानाच्या राखणीला मी एकटा. मला आखाजी नाही.

दुसऱ्या दिवशी, ऐन आखाजीला, सकाळीच धुरपदाबाई पुलावर हजर. मी म्हटलं, "अगं, सणाचं काय?"

"कसला सण? मायबाप गेले, भाऊ नाही, माहेरचं दार बंद झालं. निंबा पत्त्यांत बसलाय. घरात बसून भिंती बघू?"

असं म्हणून ती थेट त्या गाळ्याकडे गेली. लोखंडावर तळहात फिरवला. मग आभाळाकडे पाहिलं. सातपुड्याच्या अंगाला ढग काळे होत चालले होते. वळवाचं लक्षण. मी रात्रीपासून तेच बघत होतो आणि अभिमनला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

"पाणी पडलं तर हे सगळं पुन्हा लाल होईल," ती म्हणाली. "मग आबा पुन्हा खरवडायला लावणार. त्याचा रोज देणार नाही, म्हणणार हे तर तुमचंच काम. चांदभाऊ, शेंदूर कालव."

सामान माझ्या भरवशावर ठेवलेलं. मला मारुतीची भीती नव्हती, अभिमनची होती. आणि उद्या गावात कुणी म्हणालं असतं, चांदने बाईच्या हातात शेंदूर दिला, तर मी कुणाकुणाला समजावत फिरलो असतो? हे सगळं डोक्यात आलं. खोटं कशाला बोलू?

पण लोखंड समोर उघडं पडलेलं, वर ढग, आणि ब्रश धरायला तयार असलेला एकच माणूस. मी तेलाचा डबा उघडला.

झुला म्हणजे दोन दोरांवर टांगलेली फळी. पुलाच्या कठड्याला बांधून खाली सोडायची, तिच्यावर बसून रंगवायचं. चांगले चांगले गडी पहिल्या दिवशी तिच्यावर देवाचं नाव घेतात. मी दोराच्या गाठी पुन्हा पुन्हा तपासत होतो, तोवर ही बाई लुगड्याचा काचा मारून फळीवर बसलीसुद्धा. पाय मागे घेतले, पुढे सोडले, आणि फळी तिला हवी तिथे गर्डरपाशी नेऊन लावली. मी ओरडलो, "अगं, हा आखाजीचा झोका नाही! खाली नदी आहे, खडक आहेत!"

"दोर तोच, फळी तीच," ती तिथूनच म्हणाली. "डबा सोड."

काय लावला तिने रंग! पातळ, सारखा, ओघळ नाही. लोखंड जोडणाऱ्या रिबिटांच्या डोक्याभोवती ब्रश टोचून टोचून, कारण गंज तिथूनच सुरू होतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? दुपारी लोखंड तव्यासारखं तापतं, तेव्हा थांबायचं. ऊन कललं की पुन्हा. मी कालवत होतो, डबे सोडत होतो, झुला सरकवत होतो. दुसऱ्या दिवशी सांजेला गाळा पुरा झाला, केशरी लखलखीत. ती खाली उतरली आणि नदीच्या वाळूत नुसती बसून वर बघत राहिली. इतकी खूश बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. मधे एक दिवस शेंदूर वाळला आणि त्यानंतरच्या रात्री वळीव कोसळला. सकाळी पाहिलं तर शेंदरावरून पाणी नुसतं ओघळून गेलेलं.

त्याच सकाळी टोळी परतली. कुणाचे खिसे रिकामे, कुणाचे डोळे लाल. अभिमन आबा पुलाच्या तोंडाशीच थबकला. बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला. खरं तर त्याला कळलं होतं. तरी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "चांदभाई, तूच लावलास ना?"

वाट काढून देत होता तो मला. मी हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. धुरपदाबाई खरवडणारी राहिली असती, मी शहाणा ठरलो असतो, मारुतीही शांत. मी तोंड उघडायच्या आत ती पुढे आली.

"मी लावला."

एकच कालवा झाला. रंगारी म्हणाले, आता आम्ही ह्या गाळ्याला हात लावत नाही. कुणी पडलं तर? गिरधर म्हणून एक गडी होता, तो तर झुल्याचे दोर सोडायला निघाला. अभिमन आबाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि बायांकडे वळून म्हणाला, "खरवडा. बठ्ठा गाळा खरवडी काढा. गडी नवा हात देतील."

धुरपदाबाईचं तोंड पांढरं पडलं. दोन दिवसांची मेहनत, आणि तीही तिच्याच मैत्रिणींच्या हातून उतरवायची. मला असा संताप आला की हातातली ढवळायची काठी मी डब्यावर आपटली. पण माझा आवाज तिथे कुणाला ऐकू जाणार?

बाया जागच्या हलल्या नाहीत. मग बेबाबाई, ती एका डोळ्याची म्हातारी, पटाशी मांडीखाली ठेवून पुलाच्या कठड्याशी ऐसपैस बसली.

"आबा, आम्ही गंज खरवडतस. आठे गंज कोठे शे? दाखाडा, लगेच खरवडी देतस."

बाकीच्या बायाही बसल्या. कुणी भांडली नाही, कुणी आवाज चढवला नाही. गंज दाखवा, एवढंच. आणि गंज असता तर दाखवला असता ना! त्या अख्ख्या गाळ्यावर वाटाण्याएवढासुद्धा नव्हता.

अभिमन आबाने रंगाऱ्यांकडे पाहिलं. गिरधरने नजर चुकवली. "आबा, खरवडणं बायांचं काम. आम्ही कसं करायचं?" दुसरा विडी पेटवायला बाजूला गेला. एकही गडी पुढे आला नाही. मी मनात म्हटलं, बसा आता. तुम्हीच घातलेलं कुंपण, तुमच्याच अंगाला लागलं.

पण अभिमन आबा दिलेल्या शब्दाचा माणूस. त्याने बेबाबाईपुढे हात केला. तिने पटाशी दिली. साठीच्या घरातला तो माणूस स्वतः झुल्यावर बसला आणि खरवडायला लागला.

ऊन चढत गेलं. पटाशीचा आवाज कर्र कर्र येत होता. शेंदूर सुटता सुटेना. सुटला तो पात्यालाच चिकटायचा, ते पुसायचं, पुन्हा घासायचं. आयुष्यात त्याने बायांना हजारदा सांगितलं असेल, हात चालवा, हात चालवा. स्वतःच्या हाताने तो पहिल्यांदाच घासत होता. वरून बेबाबाई अगदी गोडीत म्हणाली, "आबा, रिबिटना मागला ऱ्हायना बरं का!" बाया पदर तोंडावर धरून हसल्या. मीही हसलो, का नाही हसायचं? धुरपदाबाई तेवढी हसली नाही. ती त्या पटाशीकडे बघत होती, जणू तिच्याच पाठीवर चाललीय.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा आबाने खुणेने झुला वर घ्यायला सांगितला. वर आला तेव्हा तळहातांना फोड आलेले, काही फुटलेले. जेवायच्या ताटाएवढी जागा उघडी झाली होती, तीही वेडीवाकडी. बाकी गाळा होता तसा केशरी. आबा कठड्याला टेकून बसला. मी पाणी दिलं. तो आपले हात बघत होता.

मग म्हणाला, "ती जागा उघडी ऱ्हायनी. आजच भराले पाहिजे."

बरोबर होतं. उघडं लोखंड रात्रभर टाकायचं नाही. तेवढा धडा त्या वळवाने दिला होता. त्याने रंगाऱ्यांकडे पाहिलं. गिरधर म्हणाला, बाईचा हात लागलेल्या गाळ्याला आपण शिवणार नाही, आधीच सांगितलं. बाकीच्यांनीही मान हलवली. आबा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत गेला. शेवटी त्याने ब्रश उचलला आणि धुरपदाबाईपुढे धरला.

तिने ब्रश घेतला. मी शेंदूर कालवला. सगळी टोळी कठड्यावरून वाकून बघत होती, आणि ज्या बाईने निर्जन पुलावर बेधडक झोका घेतला होता, ती आता फळीवर बसताना चाचरली. तरी खाली गेली. आबाच्या वेड्यावाकड्या कडा आधी पटाशीने सारख्या केल्या, पुसल्या, मग शेंदूर लावला. ताटाएवढी ती जागा, कितीसा वेळ लागणार? लगेच झालं. कुणी पडलं नाही. आभाळही पडलं नाही.

तिने वर बघून दोर ओढायची खूण केली. आपलं काम झालं, आपण सुटलो, अशा समजुतीने. मी दोराला हात घातला. तेवढ्यात अभिमन आबा कठड्यावरून वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"उतरू नको. त्या टोकना गाळा वाळी गया. त्याले करडा हात बाकी शे."

माझ्या कानावर माझाच विश्वास बसेना. तो दुसरा गाळा होता, गड्यांनी शेंदूर लावलेला. धुरपदाबाई फळीवर तशीच बसून राहिली, आणि मग मोठमोठ्याने रडायला लागली, लहान पोरीसारखी, एवढ्या सगळ्यांसमोर. बेबाबाई वरून ओरडली, "रडस काय, डबा धर!" मी झुला त्या गाळ्याकडे सरकवला, करड्या रंगाचा डबा दोराला बांधला आणि खाली सोडला.