आईच्या नावाचं पाणी

२२ मे. सकाळचे साडेसहा. बोटीच्या केबिनमधल्या एवढ्याशा बेसिनमध्ये मी ब्लाऊज धूत होते, तेव्हा फोन वाजला. म्हैसूरहून नागू बोलत होता, माझा मावसभाऊ. आम्ही नवरा-बायको बारा दिवस युरोपात फिरणार म्हणून शहराबाहेरच्या हूटगळ्ळीतलं स्वतःचं घर बंद करून तो माझ्या आईजवळ राहायला आला होता. म्हणाला, "अक्का, मावशी गेली गं. पहाटे. यल्ला मुगीतु." सगळं संपलं. मी विचारलं, डॉक्टर आले होते का, दाखला मिळाला का, कुणाकुणाला कळवलंस. फोन ठेवला, ब्लाऊज पिळला, वाळत घातला. रडू आलं नाही.

आई त्र्याऐंशीची होती आणि मी तिची एकुलती एक. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. या सहलीला मी तयार नव्हते, तिनंच मला ढकललं. "तुझ्या बापानं जन्मभर कढईतलं रंगीत पाणी ढवळलं. तू तरी एखादी मोठी नदी बघून ये." तिची एकच अट होती, कित्येक वर्षांची. शेवटचं पाणी मीच तिच्या तोंडात घालायचं. "जावई नको, नागू नको. आणि कावेरीचं घाल. काशीच्या गडूतली गंगा मला कुठं ओळखते?" मी म्हणायची, घालीन, आधी या गोळ्या घे.

परतीचं विमान लवकरात लवकर म्हणजे दोन दिवसांनी होतं. तोवर थांबणं शक्य नव्हतं, तेव्हा अग्नी नागूनंच द्यायचा ठरला. मी देवधर्मातली बाई नाही. घरातला दिवा आई लावायची, मी वाती आणून द्यायची, एवढाच माझा परमार्थ. तरी त्या सकाळी माझ्या मनानं एकच धरलं. वार्ता कानावर आली की अंगावरच्या वस्त्रांनिशी स्नान करायचं आणि वाहत्या पाण्यात तिलांजली द्यायची, असं आमच्याकडे आहे. तेवढं तरी माझ्या हातून व्हायला हवं होतं. हे म्हणाले, "अगं, इथं शॉवर आहे की. पाणी ते पाणीच." मी म्हटलं, "शॉवरचं पाणी खालच्या टाकीत जातं. आईला टाकीत सोडू?"

गंमत बघा, सहा दिवस आम्ही डॅन्यूबवर राहत होतो, जेवत होतो, झोपत होतो, पण नदीच्या पाण्याला बोट लागलं नव्हतं. डेक उंच, धक्के दगडी आणि त्यांना कठडे. त्या दिवशी बसने डोंगरावरचा एक मठ बघायचा होता आणि मग नदीकाठच्या गावात दोन तास मोकळे होते. नदीकाठ म्हणाले म्हणून मी गेले. मठ पाहिला असेन, आठवत नाही. गावात उतरल्यावर यांना एका बाकावर बसवलं आणि एकटी काठाकाठाने चालत सुटले. एक चर्च लागलं, त्यामागे कबरस्तान. त्याच्या टोकाला लोखंडी फाटक होतं आणि फाटकापलीकडे थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. फाटकाला कुलूप. मी गज धरून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढे काय करायचं ते सुचेना. मी काही मागितलं नाही. मागायचं कुणाकडे, तेही ठाऊक नव्हतं.

एक म्हातारी झारीने एका कबरीवरच्या फुलांना पाणी घालत होती. अंगात एप्रन, पायात गमबूट. ती जवळ आली, तिच्या भाषेत काही विचारलं. मी म्हटलं, "माझी आई गेली." मराठीतच निघालं तोंडातून. तिनं माझ्याकडे पाहिलं, हातातल्या झारीकडे पाहिलं, मग त्या कबरीकडे बोट दाखवून पुन्हा माझ्याकडे. मी मान हलवली. तिनं एप्रनच्या खिशातून किल्ली काढली.

पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. तिनं माझा दंड घट्ट धरला आणि आम्ही दोघी उतरलो. यांना शुगर आहे म्हणून मी रोज न्याहारीतला एक पाव पर्समध्ये ठेवत असे. त्या दिवशीच्या पावावर तीळ होते. काळे नव्हते, पांढरे. नखाने खरवडून तळहातावर घेतले. दुपारचा एक वाजत आला होता. त्या देशात भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेला कलतो; तिलांजलीला दक्षिण दिशा लागते, म्हणून सूर्याकडे तोंड केलं. अंगठ्याच्या बाजूने तीनदा पाणी सोडलं, आईचं नाव घेऊन. पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली. मग मी डोक्यावर ओतल्याची खूण केली. म्हातारीनं झारी भरून माझ्या हातात दिली. ती मी साडीसकट अंगावर रिकामी केली आणि तेव्हा रडू आलं. किती वेळ, सांगता येत नाही. तिनं आपला स्वेटर काढून माझ्या खांद्यांवर टाकला. वर आल्यावर मी तो परत करू लागले, तर तिनं हात झटकला आणि दुसऱ्या कबरीकडे वळली.

ती कोण, मला माहीत नाही. किल्ली तिच्याच खिशात का होती, हेही मी शोधलं नाही. आजवर माझा समज होता की वेळेवर गोळ्या, वेळेवर जेवण, सगळं मी सांभाळते म्हणून चालतं. आई माझ्या सांभाळण्याच्या बाहेर गेली, आणि नेमक्या त्याच दिवशी कुणीतरी मला दंडाला धरून उतरवलं. धरणारा हात आपला नसतो, एवढंच मला कळलं. त्यापुढचं मी म्हणणार नाही. हात जोडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नागूला फोन केला आणि आदल्या दिवशी धीर झाला नव्हता ते विचारलं. "पाणी तू घातलंस ना?"

तो म्हणाला, "नाही अक्का. झोपेतच गेली. मी कॉफी घेऊन उठवायला गेलो, तर अंग गार. कुणीच नाही घातलं गं." आणि तो रडायला लागला.

"रडू नको," मी म्हटलं. "काल घातलं मी."

मग त्याला कॉफी प्यायला सांगितलं आणि बॅग भरायला घेतली.