गुंजाळचा लोगो आणि माझा सिंह

आता काय सांगू तुम्हाला, माणसं आपली फजिती लपवतात. मी माझ्या फजितीसाठी हॉल बुक केला, वर सगळ्यांना फोन करून बोलावलंसुद्धा!

मी नगरचा सीए. समोरच्याच बिल्डिंगमध्ये गुंजाळ, तोही सीए. माणूस चांगला, हीच खरी अडचण! एकदा माझे जुने क्लायंट, पारनेरचे ठुबेशेठ, मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाले, "गुंजाळ सायबांची वेबसाईट पाह्यली का? सीएचं चिन्ह कसं झळकतंय वर! लई भारी हाय. पोराच्या नव्या दुकानाचं काम तिकडंच द्यावं म्हन्तो."

असा जळफळाट झाला म्हणून सांगू! चहा कडू लागला. गुंजाळच्या ऑफिसची पाटीसुद्धा बघवेना.

मग आमच्या सीएंच्या संस्थेचे नियम उघडले. 'वेबसाईटवर फर्मचा लोगो लावता येणार नाही.' बास! पुढची ओळ कशाला वाचतोय मी?

गुंजाळला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण मग मजा काय? त्याला चारचौघांतच पाडायचा होता. पुण्याच्या एका मॅडमना व्याख्यानाला बोलावलं, विषय वेबसाईटचे नियम. "उदाहरणं नगरचीच घ्या," मी म्हणालो, "अगदी नावासकट!"

मॅडमनी पडद्यावर पहिली साईट उघडली ती गुंजाळचीच. मी सरसावून बसलो.

"हे बघा. संस्थेचा लोगो, ठरलेल्या रंगात, जसाच्या तसा. असाच लावायचा!"

टाळ्या! मलाही वाजवाव्या लागल्या हो!

"पण लोगो चालत नाही ना?" मी उठलोच.

"फर्मचा स्वतःचा नाही चालत, संस्थेचा चालतो. पुढच्याच ओळीत आहे, सर."

इथं तरी गप्प बसावं की नाही? पण अंगात आलेलं! "मग माझी उघडा. माझ्या साईटवर लोगोच नाही!"

त्यांनी उघडली. हॉलभर डरकाळी घुमली.

तुम्हाला सांगायचं राहिलंच. माझी रास सिंह. त्यामुळं साईटच्या माथ्यावर सोनेरी सिंह, त्याच्या जबड्यात फर्मचं नाव, आणि पान उघडलं की गर्जना. हौसेनं करून घेतलेला!

"सर, हे काय आहे?"

"हा लोगो नाही, मॅडम," मी म्हणालो. "हा सिंह आहे."

मागच्या रांगेत एकाला हसताना ठसका लागला. गुंजाळ तेवढा हसला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन त्यानं माझा सिंह उतरवला आणि संस्थेचा लोगो नीट लावून दिला. चांगला माणूस, म्हटलं ना!

आठवड्यानं ठुबेशेठ आले. साईट बघून खूश. "आता कसं! डिट्टो गुंजाळ सायबांसारखी!"

"मग पोराचं काम?" मी हळूच विचारलं.

"ते दिलं की त्यांनाच," ठुबेशेठ म्हणाले. "तुमचंबी काम तेच करून देत्यात म्हनं!"